दीपमालाच्या याद्या, पाने अकरा

कुंदन कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होता, आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याइतका कायदा या देशात कोणालाच येत नसतो. पहिल्या वर्षाच्या पोराला आपल्याला काही येत नाही हे माहीत असतं. शेवटच्या वर्षाच्या पोराला परीक्षेची धास्ती असते. सनद घेतलेल्या वकिलाकडे अशील फिरकत नाही, म्हणून तो नम्र असतो. मधल्या मधे दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी तेवढा सर्वज्ञ राहतो आणि त्याचा त्रास घरच्यांना होतो.

कुंदनची कायदा आणि वकील या विषयावर ठाम मतं होती, आणि ती कोणी विचारण्याची तो वाट पाहत नसे. डॉक्टर फक्त आजारी माणसाला लागतो, वकील मात्र धडधाकट माणसालाही लागतो, फक्त धडधाकट माणसाला ते कळत नाही, हे त्याचं पहिलं मत. जगातली निम्मी भांडणं तोंडी बोलण्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी अर्धवट लिहिण्यामुळे, हे दुसरं. तिसरं असं, की सामान्य माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत निदान चाळीस करार करतो. रिक्षात पाय ठेवला की करार, टपरीवर चहा सांगितला की करार, न्हाव्यापुढे मान खाली घातली की करार. मखमलाबादच्या त्यांच्या मळ्यात झेंडूची तोडणी चालू असताना ही मतं घरच्यांनी इतक्या वेळा ऐकली होती, की कामाला येणाऱ्या बायकाही टोपली उचलताना एकमेकींना विचारत, "करार झाला का गं?"

मतं नुसती मतंच राहिली असती तर हरकत नव्हती. पण कुंदन ती अमलात आणायचा. दूध पातळ येतं म्हणून त्याने दूधवाल्याला पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिली. दूधवाल्याने ती उलटसुलट वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि त्याच दिवसापासून रतीब बंद केला. तेव्हापासून कुंदनची आई, मनीषाबाई, रोज सकाळी किटली घेऊन दोन गल्ल्या पलीकडे जात होती. जाताना ती मुलाकडे बघत नसे, आणि ते न बघणं मुलाला बरोबर दिसत असे.

अशा घरात दीपमालाचं लग्न ठरत आलं होतं.

दीपमाला म्हणजे कुंदनची थोरली बहीण. शहरातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ती रक्त तपासायची. स्थळ पिंपळगाव बसवंतचं होतं. मुलाचं नाव साई, द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर, बोलायला कमी आणि ऐकायला जास्त, जे दीपमालाला फार आवडलं होतं, कारण आपल्या घरात असा माणूस तिने पाहिला नव्हता. बघण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली, तीन महिने फोन झाले. सगळं जुळलं होतं. एकच गोष्ट लटकत होती: लग्नानंतर तिच्या नोकरीचं काय. कुंदनच्या वडिलांनी, गोटीरामने, ती एकदा भीत भीत काढली, तेव्हा साईचे वडील निवृत्ती म्हणाले, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे हो असतं, नाही असतं आणि पुन्हा विचारू नका असंही असतं. गोटीरामने तिसरा अर्थ धरला.

दीपमालाने मात्र आईला स्वच्छ सांगितलं होतं. "मला हे स्थळ पाहिजे आणि नोकरीपण पाहिजे. एकासाठी दुसरं सोडायला लावलं तर मी दोन्हीकडं रडत बसेन."

"बघू," मनीषाबाई म्हणाली होती.

आता याद्यांचा दिवस ठरला. याद्या म्हणजे, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, आणि ज्याचं अक्षर बरं असेल तो एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारून लिहितो, वरपक्षाने काय करायचं आणि वधूपक्षाने काय. मांडव कोणाचा, जेवण कोणाचं, बस्ता कधी, मामाला मानाची टोपी कोणी द्यायची. कागदाला हळदीकुंकू लागतं, तो मोठ्याने वाचला जातो, सह्या होतात, सुपारी फुटते आणि साखर वाटली जाते. पिढ्यान् पिढ्या हे काम एका पानात उरकत आलं आहे. ज्यांचं लग्न त्या दोघांनी मात्र याद्यांच्या बैठकीत बोलायचा रिवाज नाही. मुलगी आत असते आणि मुलगा दाराजवळ, चपलांच्या बाजूला.

"कुंदन, तुझं अक्षर बरं हाय," गोटीराम म्हणाला. "याद्या तू लिही."

बापाने अक्षर मागितलं होतं. मुलाने वकीलपत्र घेतलं.

"पप्पा, एका पानात लग्न बसत नाही," कुंदन म्हणाला. "मागच्या वर्षी चुलत काकांच्या घरी काय झालं आठवतं ना? मामाच्या मानाला सात मामा उभे राहिले. का? कारण मामा कोणाला म्हणायचं तेच लिहिलेलं नव्हतं."

"अरे, मामाला मामा म्हणायचं," गोटीराम म्हणाला.

"न्यायालयात हे टिकणार नाही."

"न्यायालयात कशाला जायचंय?" गोटीरामने घाबरून विचारलं. "आपल्याला मंगल कार्यालयात जायचंय."

पण तोवर केरूनाना आले होते. केरूनाना म्हणजे शेजारचे निवृत्त बेलीफ. तीस वर्षं त्यांनी कोर्टाचे समन्स लोकांच्या दारावर डकवले होते, आणि कायदा आपल्याला न्यायाधीशांपेक्षा जास्त कळतो अशी त्यांची समजूत होती, कारण न्यायाधीश बसून ऐकतात आणि आपण उभं राहून ऐकलं. चहा कुठे उकळतोय आणि सल्ला कुठे लागतोय, हे त्यांना कुंपणापलीकडून कळत असे.

"पोरगं बरोबर बोलतंय," केरूनाना बशीत चहा ओतत म्हणाले. "तोंडी काय खरं नसतं, गोटीराम. मी अशी अशी घरं बघितलीयत, सख्खे भाऊ, आणि दरवाज्याला माझ्या हातची नोटीस. मात्र साध्या कागदावर नको. स्टॅम्प घ्या. स्टॅम्पवर लिहिलेलं माणूस वाचत नाही, पण मानतो."

दुसऱ्या दिवशी कुंदन सीबीएस बसस्थानकासमोर कोर्टाच्या आवारात स्टॅम्प घ्यायला गेला. विक्रेत्याने मान वर न करता रजिस्टर उघडलं. "कारण?"

"याद्या."

"कशाच्या?"

"लग्नाच्या."

विक्रेत्याने पहिल्यांदा मान वर केली. "भाडेकरार आहे, प्रतिज्ञापत्र आहे, हक्कसोड आहे, बक्षीसपत्र आहे. लग्न यात कुठं बसवू?"

कुंदनने करार कायद्याची व्याख्या सांगितली. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थाने सुचवलं की हक्कसोडच लिहा, लग्नात तेच होतं. विक्रेत्याने अखेर 'इतर' असं लिहिलं आणि सांगितलं की ज्याच्या नावाने स्टॅम्प घ्यायचा तो माणूस सहीला समक्ष पाहिजे. त्यामुळे फुलबाजारात शेवंतीचा लिलाव चालू असताना गोटीरामला फोन गेला. तो शेवंती पुतण्याच्या हवाली करून, अंगाला फुलांच्या पाकळ्या चिकटलेल्या तशा, कोर्टात आला. त्याच्या उभ्या आयुष्यात तो कोर्टाची पायरी चढला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला अभिमान होता. त्याने सही केली. "पोरीच्या लग्नाला कोर्टात यायला लागलं," एवढंच तो म्हणाला.

घरी निघण्याआधी कुंदन त्याला झाडाखाली बसलेल्या एका नोटरीकडे घेऊन गेला होता. नोटरीने कागद न बघताच हात जोडले. "लग्नाचं आणि काडीमोडाचं आम्हाला करायची मनाई आहे. एक मात्र सांगतो, लोक आधी लग्न करतात आणि मग आमच्याकडे येतात. तुम्ही फार लवकर आलात."

कुंदनच्या मते नोटरी म्हणजे वकिली पेशाला लागलेली कीड होती. हे मत त्याने त्या दिवसापासून धरलं.

मसुदा लिहायला त्याने तीन दिवस घेतले. सुरुवात कशी करायची ते कळेना, तेव्हा केरूनाना पुन्हा मदतीला धावले. त्यांनी प्लॉट घेतला होता तेव्हाचं खरेदीखत त्यांच्या मुलाच्या संगणकात होतं. "मोठ्या वकिलाने केलेलं आहे," ते म्हणाले. "एक अक्षर इकडचं तिकडं होत नाही. फक्त नावं बदल."

कुंदनने नावं बदलली. संगणकात एक शब्द काढून सगळीकडे दुसरा घालता येतो, ही सोय त्याला वकिली धंद्यातली सगळ्यात मोठी क्रांती वाटत असे. 'विकणार' होतं तिथे त्याने 'वधूपक्ष' घातलं. 'खरेदीदार' होतं तिथे 'वरपक्ष'. 'मिळकत' होतं तिथे 'वधू', आणि 'मिळकतीचा, मिळकतीस, मिळकतीवर' ही रूपंसुद्धा त्याने एकेक करून चोख बदलली. पुढे एकदा सगळं वाचून नको ते काढून टाकू, असं ठरवून तो व्याख्यांच्या कलमाला लागला. आणि व्याख्यांचं कलम म्हणजे तर त्याचा जीव की प्राण.

वऱ्हाडी कोणाला म्हणायचं, पाच वर्षांखालचं मूल जेवणाच्या पंगतीत किती धरायचं, चहा म्हणजे किती वेळा, हे सगळं त्याने लिहिलं. 'रुसणे' याची व्याख्या करायला एक अख्खी दुपार गेली. सलग पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ न बोलणे अगर जेवणाच्या ताटास हात न लावणे, असं शेवटी ठरलं. व्याख्या संपल्या तेव्हा याद्यांच्या दिवसाची सकाळ उजाडली होती. छपाईवाला म्हणाला रविवार आहे, दहाला बंद करणार. कुंदनने सहाव्या पानापर्यंत वाचलेलं होतं. बाकीचं नावाजलेल्या वकिलाचंच आहे, असं मनाशी म्हणून त्याने अकरा पानं छापून घेतली.

पाहुणे साडेअकराला दोन गाड्यांतून आले. निवृत्ती, त्यांची बायको कुसाबाई, चार भाऊबंद, साई, आणि लहानूमामा. लहानूमामांनीच हे स्थळ सुचवलं होतं, पत्रिका त्यांनीच आणली होती, आणि आज डोक्यावर नवी कोरी टोपी घालून तेच पुढे बसले. गळ्यात माळ होती. माळ घालून तीन वर्षं झाली होती, आणि त्याआधीची वर्षं पिंपळगावातले लोक अजून विसरले नव्हते. साई दाराजवळ बसला.

कुंदनने स्टॅम्पसह अकरा पानांचा गठ्ठा चौरंगावर ठेवला. निवृत्तींनी तो उचलून वजन बघितल्यासारखा हातात धरला. "एवढं?"

"सर्वसमावेशक आहे," कुंदन म्हणाला.

"वाचतो मी," केरूनाना म्हणाले आणि उठून उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण तीस वर्षं कोर्टात पुकारा केलेला माणूस मोठ्याने वाचायची संधी सोडत नाही. त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि पहिल्याच वाक्याला अंगणातला कुत्रा उठून गेला.

"'लिहून देणार, गोटीराम, वय चोपन्न, धंदा फुलशेती. लिहून घेणार, निवृत्ती, वय सत्तावन्न, धंदा शेती. कारणे याद्या लिहून देतो की, सदर याद्या उभय पक्षांनी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणतेही नशापाणी न करता...'"

"थांबा," लहानूमामा म्हणाले. "हे कोणाला बघून लिहिलंय?"

सगळे मामांकडे बघू लागले आणि लगेच दुसरीकडे बघू लागले.

"मामा, ते सगळ्याच दस्तात असतं," कुंदन म्हणाला.

"सगळ्या सोयरिकीत नसतं," मामा म्हणाले आणि गळ्यातली माळ शर्टाबाहेर काढून ठेवली.

मनीषाबाईने आतून घाईघाईने चहा पाठवला. चहामुळे पुढची चार पानं शांततेत गेली. पाहुण्यांची लहान पोरं पंगतीत अर्धी धरली आहेत हे ऐकून एक भाऊबंद बोटांवर काहीतरी मोजू लागला, रुसण्याची व्याख्या ऐकून कुसाबाई पदराआड हसली, आणि कुंदनला वाटलं, जमतंय. इतकं जमतंय की त्याने पाठीला उशी घेतली.

"'मामा'," केरूनाना गर्जले, "'म्हणजे वराच्या मातेचा सख्खा भाऊ. चुलत, मावस, मानलेला अगर अन्य भाऊ यांचा त्यात समावेश होणार नाही.'"

कुंदनची उशी घसरली. लहानूमामा हे कुसाबाईचे चुलतभाऊ होते, हे त्याला त्या क्षणी आठवलं. माहीत होतं त्याला, पण मसुदा लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे चुलत काकांच्या घरचे सात मामा होते, पिंपळगावचा हा एक नव्हता.

लहानूमामांनी डोक्यावरची टोपी काढली, चौरंगावर ठेवली आणि उभे राहिले. "मी गाडीत बसतो," ते म्हणाले. "सख्खे आले की चालू करा."

"मला सख्खा भाऊ नाय," कुसाबाई म्हणाली. ती कुंदनला म्हणाली की नवऱ्याला, कळलं नाही. "माझ्या लग्नात हाच उभा होता. बारा वर्षांचा होता. माझ्यामागं तांब्या घेऊन पळत आलता वेशीपर्यंत."

गोटीरामने मुलाकडे बघितलं. या बघण्यापेक्षा दुधाच्या किटलीचं न बघणं बरं होतं, असं कुंदनला वाटलं. तो म्हणाला, "नाना, बास. थांबा आता."

"पुकारा मधे थांबवता येत नाही," केरूनाना म्हणाले. "दस्त अर्धा वाचला तर बाद होतो." आणि त्यांनी सातवं पान उलटलं.

सातवं पान कुंदनने वाचलं नव्हतं.

"'सदर वधू'," केरूनाना वाचू लागले, "'ही वधूपक्षाच्या मालकी व कब्जेवहिवाटीची असून, तिच्या चतुःसीमा येणेप्रमाणे. वधूच्या पूर्वेस शिवरस्ता. पश्चिमेस सामाईक विहीर. उत्तरेस...'"

"नाना," कुंदन म्हणाला.

"'उत्तरेस सार्वजनिक गटार. सदर वधू निर्वेध व बोजारहित असून, तिच्यावर कोणत्याही बँकेचा अगर पतसंस्थेचा बोजा नाही. वधू यापूर्वी कोणासही गहाण, दान, बक्षीस अगर भाडेपट्ट्याने दिलेली नाही.'"

"नाना, पाया पडतो."

"'सबब सदर वधू, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह, वरपक्षाच्या खुल्या ताब्यात दिली असे. वधूत पुढेमागे काही दोष निघाल्यास वधूपक्ष तो स्वखर्चाने निवारण करून देईल.'"

मागच्या बाजूला एक भाऊबंद हसला आणि त्याने ते हसणं खोकल्यात घातलं. केरूनानांना आपण काय वाचलं ते आता कळलं असावं, कारण त्यांनी गठ्ठा चौरंगावर ठेवला, चष्मा काढून पुसायला घेतला आणि तो पुसतच राहिले.

निवृत्ती उठले. आवाज चढवला नाही, पण त्यामुळेच ते वाईट वाटलं. "गोटीरामशेठ, आम्ही सून घ्यायला आलतो. गट नंबर बघायला नाय आलो. तुमच्यात हे असं चालत आसंल, आमच्यात नाय." त्यांच्यामागे चारही भाऊबंद उठले. सुपारी तशीच ताटात राहिली.

गोटीराम हात जोडून उभा होता. आतापर्यंतच्या कुंदनच्या सगळ्या खटल्यांत नुकसान झालं ते दुधाचं झालं होतं. आज ताईचं लग्न मोडत होतं, आणि ते तो उघड्या डोळ्यांनी मोडताना बघत होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराचा पडदा बाजूला झाला. दीपमाला बाहेर आली, हातात पोह्यांचा ट्रे, आणि तो तिने चौरंगावर, अकरा पानांच्या वर ठेवला.

"माझ्या चतुःसीमा वाचून झाल्या असतील तर मी बोलू का?" ती म्हणाली.

याद्यांत मुलगी बोलत नाही. पण याद्यांत मुलीच्या उत्तरेला गटारही नसतं, त्यामुळे तिला गप्प बस म्हणायची कोणाची छाती झाली नाही. निवृत्ती उंबऱ्यात थांबले.

ती आधी भावाकडे वळली. "अकरा पानं लिहिलीस. चहा किती वेळा, टोपी कोणाला, रुसायचं किती मिनिटं. माझं काय आहे यात? मला एकदा तरी विचारलंस, ताई, तुला काय लिहायचंय?"

करारातल्या पक्षांची संमती हा पहिल्या वर्षाचा पहिला धडा होता आणि त्यात कुंदनला वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. लाज वाटणं ही गोष्ट तो पुस्तकात शिकला नव्हता. ती त्याला तिथे, पाहुण्यांसमोर, बसल्या जागी वाटली.

दीपमाला दाराकडे वळली. साई चपलांच्या बाजूला उभा राहिला होता.

"मी लग्नानंतर दवाखान्यात जाणार. रोज," ती त्याला म्हणाली. "चालणार असेल तर आत्ता सांगा. चालणार नसेल तर तेही आत्ता सांगा, मी पोहे वाढून आत जाईन. फक्त बघू म्हणू नका."

साईने बापाकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग खाली, आपल्या बुटांकडे.

"सकाळी पिंपळगावहून सात चाळीसची गाडी आहे," तो म्हणाला. "सीबीएसला पावणेनऊपर्यंत लागते. संध्याकाळी सहाची आहे, पण तिच्यात उभं राहावं लागतं. सव्वासहाची रिकामी असते. मी दोनदा बसून बघितली."

"तू कधी बसला?" निवृत्तींनी विचारलं.

"मागच्या महिन्यात. सुट्टी काढली होती."

"मला नाय सांगितलं?"

"तुम्ही बघू म्हणाला असता," साई म्हणाला. "म्हणून मीच बघून आलो."

आयुष्यभर जो शब्द निवृत्ती दुसऱ्यांना देत आले होते तो आज घरातल्याच माणसाने त्यांना परत दिला होता. कुसाबाई पुढे आली आणि ट्रेमधली एक बशी उचलून तिने नवऱ्याच्या हातात दिली. "बसा," ती म्हणाली. "आता बघायचं काय राह्यलं?"

बशी हातात घेतलेल्या माणसाला उंबऱ्यात उभं राहता येत नाही. निवृत्ती आत येऊन बसले. मग भाऊबंदही बसले, कारण पोहे गरम होते.

एवढं सगळं अंगणातल्या गाडीत काच खाली करून बसलेल्या लहानूमामांना ऐकू येत होतं. ते तिथूनच म्हणाले, "मग लिहून घ्या की ते. तोंडी नका ठेवू. पोरीच्या जन्माचं हाय."

"मामा, आधी आत या," दीपमाला म्हणाली. "तुमच्याशिवाय नाही लिहायचं."

मामा आले. कुसाबाईने चौरंगावरची टोपी उचलून स्वतः त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवायला जरा जास्तच वेळ लावला.

कुंदनने खिशातला पेन काढला होता. दीपमालाने तो त्याच्या हातातून घेतला.

"तू नको," ती म्हणाली.

तिने ट्रेखालचा गठ्ठा उपसला नाही. मनीषाबाईने फुलस्केपचा एक कोरा कागद आणून दिला, त्याच्या चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, आणि दीपमालाने त्यावर लिहिलं: 'लग्नानंतर मी नोकरी करणार. दीपमाला.' मग कागद तिने साईकडे सरकवला. साईने वाकून खाली लिहिलं: 'मान्य. सकाळी बसपर्यंत मी सोडणार. साई.' त्याखाली निवृत्तींनी आणि गोटीरामने सही केली. निवृत्तींची सही जरा वाकडी आली, पण आली. मांडव, जेवण, बस्ता आणि टोप्या हे सगळं पाठीमागच्या बाजूला, वीस मिनिटांत, मनीषाबाईने सांगितलं आणि एका भाऊबंदाने लिहिलं. मामा कोणाला म्हणायचं हा प्रश्न कोणी काढला नाही.

केरूनाना कोपऱ्यात पोहे खात होते. "खाली साक्षीदार दोन लागतील," ते हळूच म्हणाले. त्या दिवशीचा त्यांचा हा पहिला उपयोगी सल्ला होता, म्हणून तो मान्य झाला. पहिली साक्ष लहानूमामांनी केली, नावापुढे कंसात 'मामा' लिहून.

मग दीपमालाने कागद कुंदनपुढे धरला. "दुसरी तू कर."

कुंदनने कागद घेतला. सवयीने तो त्यात पळवाट शोधू लागला. एकदा वाचलं, सापडली नाही. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. दोन ओळी होत्या आणि त्यांतून सुईसुद्धा शिरायला जागा नव्हती. हे आपल्याला सुचलं नाही याचं त्याला फार वाईट वाटलं, आणि ज्या माणसाला सुचलं ती आपली बहीण आहे याचं त्याहून जास्त बरं वाटलं. त्याने मामांच्या नावाखाली सही केली, आणि गोटीरामने ताटातली सुपारी फोडली.